थांबलेला चरखा : मार्गारेट बर्क-व्हाइट यांच्या एका छायाचित्राचा अभ्यास

गांधीजी आणि चरख्याचं ते कृष्णधवल छायाचित्र आपण सगळ्यांनी कुठे ना कुठे पाहिलेलं असतं. पाठ्यपुस्तकात, खादी भांडारात, एखाद्या जुन्या वाचनालयाच्या भिंतीवर. छायाचित्रणाच्या शिबिरात मी ते सुरुवातीला दाखवत नाही. आधी सगळ्यांना आठवणीतून त्याचं वर्णन करायला सांगतो. 'गांधीजी सूत कातताहेत' हे उत्तर हमखास येतं. मग चित्र पडद्यावर आणलं की वर्गात जरा शांतता पसरते, कारण त्यात गांधीजी कातत नाहीत. ते वाचताहेत. हातात कागद आहे, मान खाली आहे, चष्म्यामागचे डोळे मजकुरावर आहेत. चरखा थांबलेला आहे.

हे छायाचित्र इतकी वर्षं का टिकलं, याचं उत्तर मला या थांबलेल्या चाकात दिसतं. चांगला फोटो म्हणजे अचूक क्षण पकडणं, असं आपल्याला शिकवलं जातं. या फोटोत तो क्षण नाही. फोटो काढणाऱ्या बाईंना तो हवा होता, त्यांनी त्यासाठी जिवाचा आटापिटा केला आणि तो हुकला. उरला तो विसाव्याचा क्षण. म्हणून हे प्रकरण मुळापासून बघू.

चौकटीत काय आहे

पुढच्या बाजूला चरखा आहे. पेटीत घडी होणारं येरवडा चक्र नव्हे, उभ्या चाकाचा चरखा. कॅमेऱ्याच्या इतका जवळ, की त्याचं चाक चौकटीचा मोठा भाग व्यापतं. त्याच्या मागे, जमिनीवर मांडी घालून, उघड्या अंगाने गांधीजी बसलेत. मागे उंचावरच्या खिडकीतून येणारा उजेड. चाक गडद, धोतर आणि हातातला कागद पांढरा. खोलीत नजर गुंतवणारं दुसरं काही नाही.

एवढंच. कुणी कॅमेऱ्याकडे बघत नाही, कुणी हसत नाही, काही घडत नाही. व्यक्तिचित्रात डोळे दिसले पाहिजेत असा जो ढोबळ नियम सांगितला जातो, तो इथे सरळ मोडलेला आहे.

आता एक साधा प्रयोग करून बघा. तळहाताने चाक झाका. उरतो तो कात्रणं वाचत बसलेला एक वयस्क गृहस्थ. असे आजोबा महाराष्ट्रातल्या कुठल्याही ओसरीवर सकाळी दिसतील. मग तळहात सरकवून गांधीजींना झाका. उरतं एक चाक, संग्रहालयात ठेवल्यासारखं, स्वच्छ आणि मुकं. दोन्ही अर्धे भाग वेगळे काढले तर साधारण आहेत. अर्थ त्या दोघांच्या मधल्या जागेत आहे. आपली नजर चाकापासून सुरू होते, आऱ्यांमधून मागे जाते, माणसाच्या वाकलेल्या डोक्याशी थांबते, कागदावर उतरते आणि परत चाकाशी येते. ही येरझार चालू राहते, कारण चौकट तिला बाहेर पडायला वाटच देत नाही. परिणामकारक छायाचित्राची मला माहीत असलेली सगळ्यात भरवशाची खूण हीच: नजर आत शिरते आणि आतच फिरत राहते.

कोण, कुठे, कधी

साल १९४६, गाव पुणे. छायाचित्रकार मार्गारेट बर्क-व्हाइट, अमेरिकेच्या 'लाइफ' साप्ताहिकाच्या. भारताच्या स्वातंत्र्याची चिन्हं स्पष्ट दिसू लागली होती. फेब्रुवारीत मुंबईत नौसैनिकांचा उठाव होऊन गेला होता, मार्चअखेरीस सत्तांतराच्या वाटाघाटींसाठी ब्रिटिश सरकारचं कॅबिनेट मिशन येऊन पोचलं होतं. 'लाइफ'ला भारताच्या नेत्यांवर छायाचित्रं हवी होती.

पुणं गांधीजींना नवं नव्हतं. येरवड्याचा तुरुंगवास, मग आगाखान पॅलेसमधली स्थानबद्धता. तिथे १९४२ च्या १५ ऑगस्टला त्यांचे सचिव महादेवभाई देसाई गेले आणि १९४४ च्या २२ फेब्रुवारीला कस्तुरबा. १९४६ मध्ये गांधीजींच्या डोक्यात निसर्गोपचार होता. डॉ. दिनशा मेहता यांचं निसर्गोपचार केंद्र पुण्यातच होतं, आणि त्याच मार्चमध्ये उरुळी कांचनला गांधीजींनी निसर्गोपचाराचं काम सुरू केलं. चित्रातला माणूस शहात्तर वर्षांचा आहे, पत्नी आणि सगळ्यात जवळचा सहकारी याच गावात गमावलेला आहे, आणि पुढच्या वर्षी देशाचे दोन तुकडे होणार आहेत. यातलं काहीही चौकटीत दिसत नाही. पण हे माहीत असलेला मराठी माणूस ते चित्र वेगळ्या जडपणाने बघतो, हे मी वर्गात अनेकदा अनुभवलं आहे. प्रेक्षक स्वतःबरोबर काय घेऊन येतो, हाही छायाचित्राच्या अर्थाचा भाग असतो.

बर्क-व्हाइट यांनी या भेटीची हकीकत स्वतः लिहून ठेवली आहे. गांधीजींच्या सचिवांनी त्यांना थेट विचारलं, तुम्हाला सूत कातता येतं का? नाही म्हटल्यावर त्यांना सांगण्यात आलं की चरखा समजल्याशिवाय चरख्याजवळच्या गांधीजींचं चित्र कसं समजणार; आधी कातायला शिका. मुदतीच्या घाईत असलेल्या, जगभर हिंडलेल्या त्या बाई जमिनीवर बसल्या आणि शिकू लागल्या. सूत पुन्हा पुन्हा तुटत होतं.

ज्यांनी लहानपणी शाळेत टकळी फिरवली आहे त्यांना याची कल्पना येईल. चरख्यावर एका हाताने चाक फिरवायचं, दुसऱ्या हाताने पेळू, म्हणजे पिंजलेल्या कापसाची वळी, धरून मागे ओढत न्यायचा. ओढ जरा जास्त झाली की धागा तटकन तुटतो, कमी झाली की गाठ होते. चाक आणि हात यांची गती जुळली की मग सूत आपोआप निघाल्यासारखं निघतं आणि ताणलेला हात खाली आणत ते चातीवर, म्हणजे चरख्याच्या फिरत्या सळईवर, गुंडाळायचं. हे जमायला शरीराला एक ठरावीक बैठक लागते. जमिनीवर, चाकाच्या बाजूला, चाकाच्याच उंचीवर. आता छायाचित्राकडे परत बघा. कॅमेरा उभ्या माणसाच्या उंचीवरून गांधीजींकडे खाली बघत नाही. तो बसलेल्या माणसाच्या पातळीवर आहे, चाकाला जवळजवळ टेकून. बाईंना कातायला शिकवण्याचा हट्ट त्या वेळी त्यांना अडवणूक वाटला असेल, पण त्या शिकवणीने त्यांना कुठे बसायचं ते दाखवलं, असं मला ठामपणे वाटतं. विषयाशी हाताने ओळख झाली की कॅमेऱ्याची जागा बदलते. शेतीचे फोटो काढणाऱ्यांना मी म्हणूनच आधी थोडी खुरपणी करायला सांगतो.

तीन बल्ब

दुसरी अट उजेडाची होती. तो सोमवार, गांधीजींच्या मौनाचा दिवस. त्यांच्याशी बोलायचं नाही, आणि झगझगीत दिवे लावायचे नाहीत. खोली अंधारी होती, आणि एकुलती एक खिडकी उंचावर, तिचा उजेड थेट लेन्सवर येणारा. बाईंनी विनवण्या केल्या, तेव्हा छोटे फ्लॅशबल्ब वापरायची परवानगी मिळाली. फक्त तीन.

आजच्या वाचकासाठी सांगायला हवं की तेव्हाचा फ्लॅशबल्ब एकदाच पेटायचा. पेटला की जळून गेला. तीन बल्ब म्हणजे तीन संधी.

गांधीजी कातू लागले. बाईंनी पहिला बल्ब पेटवला. शटरचा आवाज आणि बल्बचा लखलखाट यांत अंतर पडलं. दोन्हींचा मेळ बसत नव्हता. हिंदुस्थानच्या उष्ण आणि दमट हवेने सगळी यंत्रं बिघडवली होती. मग फ्लॅशशिवाय, शटर बराच वेळ उघडं ठेवून काढावं म्हणून त्यांनी ट्रायपॉड लावायला घेतला, तर त्याचा एक पाय आखूड राहून अडकला आणि दोन पूर्ण लांब होऊन अडकले. तो बाजूला ठेवावा लागला. दुसऱ्या बल्बच्या आधी त्यांनी सगळं पुन्हा तपासलं. गांधीजींनी धागा ओढताना हात सुंदर उचलला, त्या क्षणी त्यांनी बटण दाबलं. बल्ब पेटला, शटरचा आवाज नेमका आला. आणि मग लक्षात आलं की फिल्मवरची स्लाइड ओढून काढायचीच राहिली. त्या कॅमेऱ्यांत फिल्मचा एकेक ताव बंद खाचेत बसवलेला असे आणि त्यावर काळी पट्टी असे. ती ओढल्याशिवाय फिल्मवर उजेडाचा कणही पडत नसे. म्हणजे हात उचललेला तो सुंदर क्षण कुठेच नोंदला गेला नाही. तिसरा बल्ब मात्र नीट चालला.

ही हकीकत छायाचित्रणाच्या जगात पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते आणि शेवटच्या बल्बने जिंकलेली बाजी म्हणून सांगितली जाते. मला तिच्यातली दुसरी गोष्ट महत्त्वाची वाटते. बाई ज्याच्या मागे होत्या तो क्षण होता धागा ओढण्याचा. तिन्ही बल्ब त्यांनी कातण्यासाठी राखले होते. आणि जगाने डोक्यावर घेतलेल्या चित्रात कातणं संपलेलं आहे. त्यांच्याच टिपणात या चित्राबद्दल नोंद आहे की गांधीजी कात्रणं वाचताहेत आणि पुढे दिसतो तो चरखा त्यांनी नुकताच वापरून बाजूला ठेवलेला आहे.

कातण्याचा अचूक क्षण मिळाला असता तर काय झालं असतं? नजर बोटांवर गेली असती. धागा दिसला असता, हाताची लय दिसली असती, आपण म्हटलं असतं, वा, काय हात बसलाय. ते कारागिरीचं चित्र झालं असतं आणि चरखा अवजार राहिला असता. चाक थांबल्यावर मात्र त्याचं कामाचं नातं तुटतं. आता ते माणसाच्या हातात नाही, त्याच्यासमोर आहे, त्याच्याइतकंच, किंबहुना त्याच्याहून मोठं. माणूस त्याच्याकडे बघतही नाही, कारण ते रोजचं आहे. घरातल्या देव्हाऱ्याकडे आपण येता-जाता कुठे रोखून बघतो? तो असतो. हा सहवास त्या चौकटीत आला आहे, आणि तो हात उचललेल्या क्षणात येऊ शकला नसता.

यंत्रांची छायाचित्रकार

ही चौकट अशी का बांधली गेली, हे समजायला बाईंचा आधीचा प्रवास बघावा लागतो. बर्क-व्हाइट यांचं नाव झालं ते यंत्रांच्या चित्रांनी. १९२० च्या दशकाच्या शेवटी क्लीव्हलंडच्या ओटिस पोलाद कारखान्यात त्यांनी वितळलेल्या पोलादाची छायाचित्रं काढली. तिथल्या अंधारात फिल्मला पुरेसा उजेड मिळावा म्हणून मॅग्नेशियमच्या चंद्रज्योती पेटवल्या. १९३० मध्ये सोव्हिएत रशियात जाऊन तिथले नवे कारखाने टिपले. 'लाइफ'चा पहिला अंक २३ नोव्हेंबर १९३६ चा. त्याच्या मुखपृष्ठावर मोंटाना राज्यातल्या फोर्ट पेक धरणाचं त्यांनी काढलेलं चित्र होतं. काँक्रीटचे राक्षसी बुरूज आणि पायथ्याशी मुंगीएवढी दोन माणसं.

ते मुखपृष्ठ आणि पुण्याचं चित्र शेजारी ठेवा. रचना एकाच हाताची आहे, हे लगेच कळतं. यंत्र पुढे, मोठं, गडद आणि भौमितिक. माणूस मागे किंवा खाली, आकाराने लहान. गोल, आरे, सरळ रेषा यांवर बाईंचं प्रेम होतं आणि चरख्यात त्यांना ते सगळं सापडलं. त्यांनी चरख्याला धरणाचा मान दिला. गांधीजींची चित्रं काढणाऱ्या दुसऱ्या कुणाच्या मनात त्यांना मागे बसवून लाकडी चाक पुढे घ्यायचं सहजी आलं नसतं. भक्त गांधीजींना पुढे घेतो. पत्रकार चेहरा पुढे घेतो. यंत्रं बघायची सवय असलेल्या डोळ्याने चाक पुढे घेतलं, आणि त्यामुळे त्या माणसाची सगळी राजकीय आणि नैतिक मांडणी एका नजरेत दिसली.

गंमत अशी की बाईंना चरख्याचं तत्त्वज्ञान पटलेलं नव्हतं. हिंदुस्थानच्या दारिद्र्याला यंत्रं हवीत असं त्यांचं मत होतं आणि ते त्यांनी लपवलं नाही. गांधीजींचं म्हणणंही वाटतं तितकं सोपं नव्हतं. चरखा हेसुद्धा यंत्रच आहे, माझा विरोध यंत्राच्या वेडाला आहे, हे ते १९२४ पासून सांगत होते. दोघांत जन्मभराचा मतभेद राहिला असता. तरी चित्रात उपहास नाही, आणि भाबडी भक्तीही नाही. आश्रमात त्या म्हणाल्या होत्या की छायाचित्रण आणि कातणं दोन्ही हातकामच. त्यावर त्यांना गंभीरपणे उत्तर मिळालं की दोहोंत श्रेष्ठ कातणं. हे त्यांनी न चिडता टिपून ठेवलं. न पटणाऱ्या गोष्टीकडे इतक्या आदराने आणि इतक्या बारकाईने बघता येणं ही छायाचित्रकाराची मोठी ताकद आहे. स्वतःची मतं चौकटीत कोंबायचा मोह आज आपल्या सगळ्यांना होतो, म्हणून हे मुद्दाम लिहितो आहे.

कनू गांधींची चित्रं

तुलनेला कनू गांधी घ्यायलाच हवेत. गांधीजींच्या पुतण्याचे चिरंजीव, आश्रमात राहणारे. उद्योगपती घनश्यामदास बिर्लांनी दिलेल्या शंभर रुपयांत त्यांचा कॅमेरा आला. गांधीजींनी त्यांना तीन अटी घातल्या होत्या: फ्लॅश वापरायचा नाही, मला कुठे उभं राहा, कसं बसा असं सांगायचं नाही, आणि आश्रमाच्या पैशातून खर्च करायचा नाही. शेवटची सुमारे दहा वर्षं त्यांनी गांधीजींना जितक्या जवळून टिपलं तितकं कुणी टिपलं नसेल.

त्यांच्या चित्रांत गांधीजी चालतात, वजन करून घेतात, टेलिफोनवर बोलतात, गाडीच्या खिडकीतून हात पुढे करून हरिजन निधीसाठी पैसे गोळा करतात. फ्लॅश नसल्याने कितीतरी चित्रं अंधुक आहेत, कडा हललेल्या आहेत. पण त्यांत माया आहे. घरातल्या माणसाने घरातल्या माणसाला पाहिलेलं आहे. बर्क-व्हाइट यांच्या चित्रात ती माया नाही. तिथे थोडं अंतर आहे. पाहुणी आली, एक दिवस बसली, गेली.

मग जगाच्या स्मरणात पाहुणीचं चित्र का राहिलं? एक कारण उघड आहे: 'लाइफ'चा खप आणि अमेरिकेची ताकद. हे नाकारून फक्त कलेच्या गप्पा मारणं प्रामाणिकपणाचं होणार नाही. कनू गांधींची कितीतरी उत्तम चित्रं आपण मराठी वाचकांनीही नीट पाहिलेली नाहीत, त्यांच्या नावासकट छापलीही जात नाहीत. दुसरं कारण मात्र चौकटीतलं आहे. कनू गांधींची चित्रं एकमेकांच्या सोबतीने बोलतात. दहा-वीस एकत्र पाहिली की माणूस उभा राहतो. बर्क-व्हाइट यांचं चित्र एकटं पुरतं. टपाल तिकिटाएवढं केलं तरी चाक आणि वाकलेला माणूस ओळखू येतो, भिंतीएवढं केलं तरी पोकळ वाटत नाही. पोस्टरला, मुखपृष्ठाला, पाठ्यपुस्तकाला असं चित्र लागतं. या दोन्ही गुणांना मी 'परिणामकारक' म्हणेन, पण ते वेगळे गुण आहेत आणि एकाच मापाने मोजता येणार नाहीत.

तेच चित्र, वेगळी वर्षं

१९४६ च्या मे महिन्यात 'लाइफ'ने भारताच्या नेत्यांवरचा मोठा चित्रलेख छापला. त्यात हे चित्र नव्हतं. पुढे गांधीजींच्या निसर्गोपचाराच्या आवडीवर एक मजकूर आला, त्याच्या माथ्यावर ते लहानसं छापलं गेलं. संपादकांना त्यात विशेष काही दिसलं नसावं. त्या वर्षी तो एका म्हाताऱ्या पुढाऱ्याच्या सवयींचा फोटो होता.

मग ३० जानेवारी १९४८. त्या दिवशी हत्येच्या काही तास आधी बर्क-व्हाइट यांनी गांधीजींची मुलाखत घेतली होती. 'लाइफ'ने श्रद्धांजलीची पानं काढली आणि आता तेच चित्र अर्ध्या पानावर आलं. निगेटिव्ह तीच, एक रेघही बदललेली नाही. पण थांबलेलं चाक आता वेगळं वाचलं जाऊ लागलं. १९४६ मध्ये ते थोड्या वेळाने पुन्हा फिरणार होतं. १९४८ मध्ये ते फिरणार नव्हतं.

हिंदुस्थानी डोळ्यांना त्या चाकात आणखी एक थर दिसत होता. काँग्रेसच्या तिरंग्यावर चरखा होता. १९२१ पासून खादी आणि चरखा म्हणजे स्वराज्य हे समीकरण गावोगाव पोचलेलं होतं. २२ जुलै १९४७ ला संविधान सभेने राष्ट्रध्वज स्वीकारला तेव्हा मधल्या चरख्याच्या जागी अशोकचक्र आलं. चाक राहिलं, चाती आणि दोरी गेली. त्यामुळे १९४८ मध्ये हे छायाचित्र बघणाऱ्या भारतीयाला त्यात माणूस गेल्याची खूण दिसली तशी ध्वजावरून गेलेल्या चरख्याचीही दिसली असणार. अमेरिकन वाचकाला हे कळायचं कारण नव्हतं. त्याला एक साधू आणि एक प्राचीन यंत्र दिसलं. दोघांनाही चित्र भावलं, वेगवेगळ्या कारणांनी. खालची ओळ न वाचताही भिडणारं आणि ती वाचल्यावर खोल जाणारं, असं दुहेरी चित्र क्वचित निघतं.

१९९० च्या दशकाच्या शेवटी अ‍ॅपल कंपनीने 'थिंक डिफरंट' या जाहिरातमोहिमेत ते घेतलं. कोपऱ्यात कंपनीचं बोधचिन्ह आणि ते दोन शब्द, बाकी काही नाही. पुण्यातली खोली, मौनाचा सोमवार, पेळू, खादी, विदेशी कापडाची होळी, सगळं गळून पडलं आणि उरली वेगळा विचार करणाऱ्या माणसाची आकृती. हा वापर मला रुचत नाही. पण रचनेची ताकद त्यातून सिद्ध होते, हे मान्य करावं लागतं: संदर्भ पूर्ण काढून टाकला तरी ती उभी राहते. आणि धोकाही तोच आहे. इतकं सुबक चित्र कुणीही उचलून कशालाही चिकटवू शकतो. म्हणून ऐतिहासिक छायाचित्र छापताना खाली स्थळ, साल आणि छायाचित्रकाराचं नाव द्यावं, असा माझा आग्रह असतो. आपल्याकडच्या कित्येक प्रकाशनांत अजूनही हे चित्र निनावी छापलं जातं.

काय दिसत नाही

चित्राची एवढी बाजू घेतल्यावर त्याच्यातली उणीवही सांगायला हवी, आणि ती लहान नाही. या चौकटीत गांधीजी एकटे आहेत. प्रत्यक्षात ते फारसे एकटे कधीच नसत. अवतीभोवती सचिव, सेवा करणाऱ्या मुली, भेटायला आलेली माणसं, पत्रांचे ढीग. अंगणात प्रार्थनेला जमणारी गर्दी. एकांत हा छायाचित्रकाराने चौकट आवळून तयार केलेला आहे. तंत्र म्हणून ते अचूकच, कारण गर्दीत चाक हरवलं असतं. पण त्यामुळे चरखा हा एका महात्म्याचा खासगी नेम असल्यासारखा दिसतो.

चरखा तसा नव्हता. गांधीजींना १९१० च्या दशकात चरखा शोधून दिला तो गंगाबेन मजमुदार यांनी, बडोदे संस्थानातल्या विजापूर गावी. तिथल्या घरांमध्ये अडगळीत पडलेले चरखे बाहेर निघाले. पुढे खादीचं सूत कातलं ते मुख्यतः गावोगावच्या बायकांनी, त्यातल्या कित्येक विधवा आणि भूमिहीन, दिवसाच्या काही पैशांसाठी. त्यांच्यासाठी चाक थांबणं म्हणजे त्या दिवसाची मजुरी थांबणं. हाच चरखा त्यांच्यापैकी एखाद्या बाईसमोर ठेवून याच उंचीवरून, याच अंतरावरून फोटो काढला असता, तर तो वेगळाच फोटो झाला असता, आणि बहुधा कुठल्याही साप्ताहिकाने छापला नसता.

शिबिरात हे सांगितलं की कुणीतरी विचारतं, मग हे चित्र खोटं का? खोटं नाही. त्या सोमवारी, त्या खोलीत, कातून झाल्यावर गांधीजी वाचत बसले होते आणि चरखा त्यांच्यासमोर होता. एका छायाचित्राने याहून जास्त सांगावं अशी अपेक्षा करायची नसते. पण खादीवरचं पुस्तक, प्रदर्शन किंवा धडा तयार करताना हे एकच चित्र लावून मोकळं होऊ नये. त्याच्या शेजारी आश्रमातल्या आणि गावातल्या कातणाऱ्या बायकांची चित्रं लावावीत. कनू गांधींच्या संग्रहात आश्रमाचं रोजचं जगणं आहे, कस्तुरबा आहेत, हलत्या कडांची, अपुऱ्या उजेडातली माणसं आहेत. ती सहसा मुखपृष्ठावर येत नाहीत, म्हणून मुद्दाम शोधावी लागतात.